राजधानी गेली, विद्या राहिली



औरंगाबाद हे नाव ऐकताच आपल्या मनात प्रथम काय येते? माझा अनुभव असा की, या प्रश्नाची तीनच उत्तरे मिळतात. पर्यटक म्हणतो, वेरूळ-अजिंठ्याला जाताना मुक्काम करायचे ठिकाण. वर्तमानपत्र वाचणारा म्हणतो, दंगलीचे गाव. तिसरा गावाच्या नावावरून वाद सुरू करतो. मी या शहरात प्रथम विद्यार्थी म्हणून आलो आणि आता शिक्षक म्हणून राहतो. तालुक्याच्या गावी गेलो की नातेवाईक विचारतात, "मास्तर, तिकडे सगळं शांत आहे ना?" मुलाला, विशेषतः मुलीला पुढील शिक्षणासाठी तेथे पाठवावे की नाही, हा त्यामागचा खरा प्रश्न असतो. अनेक हुशार मुलींचे शिक्षण याच एका शंकेपायी बारावीला थांबलेले मी पाहिले आहे. म्हणून या शहराचा इतिहास आपल्यापुढे थोडक्यात मांडावा असे वाटले. हा इतिहास लढायांचा आणि तख्ताचा नाही. तो येथे शिकायला आणि शिकवायला आलेल्या माणसांचा आहे.

प्रारंभीच नावाविषयी एक खुलासा करणे अगत्याचे आहे. या शहराचे आजचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर असे आहे. २०२३ साली केंद्र सरकारच्या मान्यतेने ते लागू झाले. इतिहास लिहिताना मात्र ज्या काळाची गोष्ट, त्या काळचे नाव वापरावे असा इतिहासाच्या अध्यापनाचा साधा नियम आहे, आणि तोच येथे पाळला आहे. तसे पाहिले तर या शहराला नावाचा बदल नवा नाही. प्रथम खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद. नावे बदलत गेली. जे बदलले नाही, ते काय, हेच आपल्याला पाहायचे आहे.

इ. स. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावाच्या जागी आपली राजधानी वसवली. मलिक अंबर कोण होता? हबशी देशात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनला पोचलेला एक परका माणूस. तो स्वतःच्या कर्तृत्वावर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभारला, राहण्यासाठी नौखंडा महाल बांधला आणि नहरे अंबरी या नावाने ओळखली जाणारी भूमिगत नहर खोदून डोंगरातील पाणी घरोघरीच्या हौदांपर्यंत आणले. म्हणजे या शहराचा पाया घालणाराच मुळी बाहेरून आलेला होता. आजही या शहराचा प्राण बाहेरून येणाऱ्यांतच आहे. फरक इतकाच, की आज येणाऱ्यांच्या हातात तलवारीऐवजी दप्तर असते.

१६५३ मध्ये शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले. पुढे बीबी का मकबरा उभा राहिला. मकबऱ्याला 'ताजमहालाची नक्कल' म्हणून नाक मुरडण्याची रीत आहे. विद्यार्थी मित्रहो, आपण तेथे जाल तेव्हा मुख्य प्रवेशद्वार नीट पाहा. तेथे अताउल्ला आणि हंसपत राय ही दोन नावे कोरलेली आहेत. पहिला वास्तुशिल्पी, दुसरा बांधकामाचा जाणकार. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. बापाची विद्या मुलाने पुढे चालवली आणि एका मुसलमान कारागिराच्या शेजारी एका हिंदू कारागिराचे नाव कोरले गेले. नक्कल म्हणून पुढे जाणाऱ्याला ही दोन नावे दिसत नाहीत.

येथून आपण पाणचक्कीकडे वळू. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही चक्की बसवली गेली. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येथे येते, उंचीवरून पडते आणि त्या जोरावर जाते फिरते. त्या पिठावर यात्रेकरू, फकीर आणि मुरीद जेवत. या दर्ग्याचा ग्रंथसंग्रहही मोठा होता. अन्न आणि ग्रंथ एकाच आवारात मिळावेत, आजच्या भाषेत बोलायचे तर वसतिगृह आणि ग्रंथालय एकाच ठिकाणी असावे, अशी ही व्यवस्था होती.

याच आवारात अवध प्रांतातील बिलग्रामहून आलेला एक विद्वान काही वर्षे राहिला. त्यांचे नाव गुलाम अली आझाद बिलग्रामी. हजची यात्रा करून ते औरंगाबादेत आले आणि येथेच स्थायिक झाले. अरबी आणि फारसी या दोन्ही भाषांत त्यांनी विपुल लेखन केले. त्यांच्या शिष्यांत लछमी नारायण शफीक हा औरंगाबादचा हिंदू तरुण होता. त्याने पुढे उर्दू कवींचा चरित्रकोश लिहिला आणि मराठ्यांच्या इतिहासावर फारसी ग्रंथ रचला. जरा विचार करा. गुरू अवधचा सय्यद, शिष्य औरंगाबादचा खत्री, भाषा फारसी आणि विषय मराठ्यांचा! त्याच शतकात याच शहरात अमृतराय हे मराठी कवी आपल्या कटावांनी कीर्तनात श्रोत्यांना डोलवत होते, आणि सिराज औरंगाबादी उर्दू गझल लिहीत होते. त्यांच्या आधी वली दखनीने येथील बोलीचा गोडवा १७०० च्या सुमारास दिल्लीपर्यंत नेला होता. तेथील फारसी लिहिणाऱ्या कवींना आपल्या बोलीतही कविता होते, हे त्याच्यामुळे पटले.

आता या कथेतील पहिला मोठा धक्का. निजामाची गादी १७६३ मध्ये औरंगाबादेहून हैदराबादला गेली. राजधानी गेली की उमराव जातात, फौज जाते, बाजार बसतो. औरंगाबादचेही तसेच झाले. वाडे ओस पडले, नहरी बुजत गेल्या. पण आझाद बिलग्रामी उठून गेले नाहीत. १७८६ साली मृत्यू येईपर्यंत ते येथेच होते. त्यांची कबर जवळच खुलताबादला आहे. दरबार हलला तरी गुरू हलला नाही. या शहराचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर ही एक गोष्ट लक्षात ठेवावी.

विसाव्या शतकात हाच स्वभाव पुन्हा दिसला. मौलवी अब्दुल हक, ज्यांना पुढे 'बाबा-ए-उर्दू' म्हटले गेले, ते शिक्षण खात्यातील अधिकारी म्हणून औरंगाबादेत होते. त्यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेची सूत्रे १९१२ मध्ये हाती घेतली आणि तिचे कार्यालय येथे आणले. १९३८ मध्ये ते दिल्लीला हलेपर्यंत उर्दूच्या अभ्यासाचे एक मोठे केंद्र हे आडबाजूचे शहर होते. 'उर्दू' हे त्रैमासिक १९२१ मध्ये येथून सुरू झाले. दखनीतील विस्मृतीत गेलेल्या जुन्या हस्तलिखितांना त्यांनी उजेड दाखवला. ते येथील उस्मानिया कॉलेजचे प्राचार्यही होते. हे इंटरमीजिएट कॉलेज १९२३ चे. याच परंपरेत वाढलेले सिकंदर अली वज्द पुढे नामवंत कवी आणि राज्यसभेचे सदस्य झाले.

तिकडे मराठी भाषिकांची खटपटही चालू होती. संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू. मातृभाषेतून शिकण्याची सोय तुटपुंजी. अशा काळात १९१५ मध्ये सरस्वती भुवन ही संस्था उभी राहिली. तिने मराठी मुलामुलींच्या कित्येक पिढ्या घडवल्या. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून संस्थानातील विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, तीत औरंगाबादच्या कॉलेजचे विद्यार्थीही होते. अनेकांना संस्थान सोडून नागपूरला जाऊन शिक्षण पूर्ण करावे लागले. परक्या माध्यमातून शिकणाऱ्या मुलाचे मन किती कोंडते, हे त्या पिढीने सोसले. पुढे काळ फिरला. उर्दूचे राजभाषेचे स्थान गेले आणि तोच कोंडमारा उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलांच्या वाट्याला आला. दोन्ही दुःखे एकाच जातीची आहेत. एक आठवून दुसरे विसरणे हे शिक्षकाला शोभत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि मराठवाडा मुक्त झाला. स्वातंत्र्याची ती पहाट होती, यात शंका नाही. पण त्या धामधुमीत मराठवाड्यातील मुस्लिम समाजाला फार मोठी हानी सोसावी लागली, हेही इतिहासात नमूद आहे. माणसे गेली, नोकऱ्या गेल्या, भाषेचे बळ गेले. समाज भेदरला आणि स्वतःत मिटला. त्या अवस्थेतून तो बाहेर कसा आला, हे सांगण्यापूर्वी त्याच काळात शेजारी घडलेली एक गोष्ट पाहिली पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने जून १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. छावणीला लागून असलेल्या या परिसराला नाव दिले नागसेनवन आणि महाविद्यालयाला मिलिंद. ही नावे सहज ठेवलेली नाहीत. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा; तो प्रश्न विचारी. नागसेन हे भिक्षू. ते उत्तरे देत. म्हणजे राजाने विद्यार्थी होऊन प्रश्न विचारावेत आणि भिक्षूने त्याला शिकवावे! ज्यांच्या वाडवडिलांना शतकानुशतके अक्षराला शिवू दिले नव्हते, त्यांची मुले या वसतिगृहात राहिली आणि प्राध्यापक, लेखक, अधिकारी होऊन बाहेर पडली. दलित साहित्याचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक याच वातावरणात जन्मले. त्याचे संपादक डॉ. गंगाधर पानतावणे मिलिंदचेच प्राध्यापक होते.

त्यानंतर जणू पाऊस पडल्यासारख्या संस्था उगवल्या. १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. त्याच्या रुग्णालयाला सारे शहर 'घाटी' म्हणते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. औरंगाबाद लेण्यांच्या पायथ्याशी, माळरानावर ते वसले. १९६० मध्ये देवगिरी महाविद्यालय आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आणि १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांनी मौलाना आझाद महाविद्यालय काढले. एक वर्ष आधी ते औरंगाबादमधून विधानसभेवर निवडून आले होते. रौजाबागेतील या महाविद्यालयाची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडी ठेवली गेली, पण भेदरलेल्या समाजाला आपला म्हणता येईल असा उंबरठा प्रथमच मिळाला. २००५ मध्ये डॉ. झकेरियांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे दफनही याच आवारात झाले. मुंबईत नाव कमावलेल्या माणसाने आपल्या अखेरच्या विश्रांतीसाठी एका कॉलेजचे आवार निवडले, यातच सर्व काही आले.

आता या इतिहासाचा एक धागा आपल्या हाती देतो. औरंगजेबाचा महाल जेथे होता त्या किलेअर्क परिसरात आज शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय आहे. मलिक अंबरच्या नौखंडा महालाच्या जागी आज डॉ. रफिक झकेरिया यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. जेथे सरदार हात बांधून उभे राहत, तेथे आज तुमच्याआमच्या मुली वह्या उघडून बसतात. भडकल दरवाजा मलिक अंबरने विजयासाठी उभारला. त्याच्याच शेजारी आज डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे. हिमायतबाग ही बादशाही बाग. तेथे आज फळझाडांचे संशोधन चालते. सत्तेच्या जागा एकामागून एक विद्येच्या झाल्या, असे दुसरे शहर मला तरी ठाऊक नाही.

याचा अर्थ येथे सर्व काही गोड आहे, असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. १९८८ आणि २०१८ मध्ये येथे दंगली झाल्या. २०२३ मध्ये किराडपुऱ्यात जाळपोळ झाली. विद्येच्या मंदिराच्या नावावरूनही रक्त सांडले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलितांची घरे पेटवली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव आले. मध्ये साडेपंधरा वर्षे गेली. हे सारे खरे आहे आणि मी ते वर्गात लपवीत नाही.

परंतु दंगल चार दिवसांची असते आणि बातमी त्या चार दिवसांचीच होते. उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांची बातमी कोण छापणार? म्हणून त्या दिवसांविषयी, एक रहिवासी या नात्याने, दोन शब्द लिहितो.

जून महिना लागला की बसस्थानकावर ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या आणि भांबावलेले बाप दिसू लागतात. परभणी, बीड, जालना, हिंगोलीकडची ही मंडळी. कोणाची मुलगी 'घाटी'त लागलेली, कोणाचा मुलगा अभ्यासिकेत जागा शोधणारा. औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत उभे राहण्यास जागा उरत नाही. जुनी पुस्तके निम्म्या किमतीत घेऊन परीक्षेनंतर पुन्हा विकायची, हा येथील गरीब विद्यार्थ्याचा ठरलेला हिशेब. विद्यापीठाच्या रस्त्यावर पहाटे फिरणाऱ्यांत पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या मुली गोगाबाबा टेकडीपर्यंत धावताना दिसतात. रात्री बुढ्ढीलेनकडे नान-खलियाचा वास सुटतो. एका नानमध्ये दोघा विद्यार्थ्यांचे भागते. ते दोघे एकाच जातीधर्माचे असतातच असे नाही, आणि तसे कोणी विचारतही नाही. हिवाळ्यात मुशायरा असो की व्याख्यानमाला, मागच्या रांगेत कॉलेजची मुले उभी असतात. 'करोगे याद तो' हे चित्रपटगीत लिहिणारे बशर नवाज २०१५ साली वारले, तोवर याच शहरात राहिले. मुंबईने बोलावले तरी त्यांनी आपले घर येथेच ठेवले. २०२१ मध्ये येथीलच एका शाळकरी मुलीने मोहल्ल्यात मुलांसाठी वाचनालय सुरू केले, आणि पाहता पाहता तशी वाचनालये अन्य मोहल्ल्यांतही निघाली.

उणिवा आहेतच. ज्या शहरात मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी घरोघर पाणी पोचवले, तेथे गेल्या काही वर्षांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आलेले आम्ही पाहिले. भाड्याची खोली देताना आडनाव विचारणारे घरमालकही भेटतात. त्यांचा राग येतो. पण त्याच गल्लीत शेजारच्या मावशी परीक्षेच्या दिवशी परक्या मुलाच्या हातावर दही ठेवतात, आणि रमजानमध्ये शेजारच्या खोलीतील मुले आपला स्टोव्ह सहेरीसाठी मोकळा ठेवतात. माझ्या विद्यार्थिदशेत हे दोन्ही मी अनुभवले. दुसऱ्या अनुभवामुळे मी येथे राहिलो.

पालकहो, आपणास माझी एवढीच विनंती आहे. मुलाला किंवा मुलीला येथे पाठवावे की नाही हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. एक दिवस काढून त्यांना घेऊन या. सकाळी पाणचक्की पाहा. तेथून नागसेनवन आणि विद्यापीठ जवळच आहे. दुपारी किलेअर्क आणि रौजाबाग पाहा आणि शेवटी भडकल दरवाज्यावरून नौखंड्याला या. सारे अंतर एका रिक्षात, एका दिवसात होण्यासारखे आहे. नौखंड्याच्या फाटकाबाहेर, आपली इच्छा असेल तर, कॉलेज सुटण्याच्या वेळी थोडे थांबा. बुरखा घातलेल्या, ओढणी घेतलेल्या, पाठीवर दप्तर लटकावलेल्या मुली घोळक्याने बाहेर पडतील, रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतील आणि उद्याच्या पेपरबद्दल मोठमोठ्याने बोलत निघून जातील. त्यांच्यापैकी कोणालाही विचारा, तू कोणत्या गावची? मला खात्री आहे, आपल्या तालुक्याची एखादी मुलगी तेथे भेटेल. आपल्या मुलीसाठी खोली, खाणावळ आणि प्रवेशाची तारीख यांची माहिती तिच्याकडूनच विचारून घ्या.